बीज टाकूनही तळं रिकामंच: हौशी गळवाल्यांच्या तळ्यातला मासा कुठे जातो, ते शोधण्याचा क्रम

पावसाळ्यात बीजाची, म्हणजे माशांच्या पिल्लांची, गाडी आली, पिशव्या फोडल्या, फोटो काढले. दिवाळीनंतर पाहुणे गळ घेऊन बसले आणि दिवसभरात दोरीवरचं तरंगतं बूचही हललं नाही. मुळशी, मावळ, भोर या पट्ट्यातल्या कृषी पर्यटनाच्या तळ्यांवर, गावतळ्यांवर, छोट्या पाझर तलावांवर ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता फोनवरच काही प्रश्न विचारून निम्मा अंदाज बांधता येतो. उरलेल्या निम्म्यासाठी तळ्यावर जावंच लागतं.

आधी तुमच्याकडे यातलं काय दिसतंय ते बघा.

- बीज सोडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काठाला मेलेल्या बोटुकल्या (बोटाएवढी पिल्लं) तरंगताना दिसतात.
- मेलेला एकही मासा दिसत नाही, पण चार-सहा महिन्यांनी जाळं ओढलं तरी सोडलेल्यातलं काहीच येत नाही.
- पहाटे मासे पाण्याच्या वर तोंड काढून उघडझाप करतात आणि ऊन वर आलं की खाली जातात.
- गळाला भरपूर लागतं, पण सगळी पंजाएवढी चिलापी.
- मासा आहे, उड्याही मारतो, पण गळाला लागत नाही.
- पहिल्या वर्षी चांगला मासा मिळाला, त्यानंतर दरवर्षी कमी कमी.

यातलं दुसरं लक्षण सगळ्यात जास्त आढळतं आणि पैसाही त्यातच सगळ्यात जास्त जातो. मेलेला मासा दिसला नाही की मालकाला वाटतं बीजच कमी पडलं, मग पुढच्या वर्षी दुप्पट बीज येतं. ते ज्या वाटेनं पहिलं गेलं त्याच वाटेनं जातं. म्हणून माझी एकच विनंती आहे: वाट सापडल्याशिवाय दुसरी गाडी मागवू नका. शोध फुकटच्या गोष्टींपासून सुरू करा. बरेचदा तो तिथेच संपतो.

पाणी कुणाचं आहे?

तळं तुमच्या सातबाऱ्यावर असेल तर हा भाग सोडून पुढे जा. धरण किंवा पाझर तलाव सरकारी असेल, तर त्यातल्या मासेमारीचा ठेका बहुधा एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्थेच्या संमतीशिवाय तिथे बीज टाकणंही चुकीचं आणि गळ टाकणंही. शिवाय संस्थेची जाळी रात्री लागत असतील, तर तुम्ही सोडलेला मासा अर्धा किलोचा होताच जाळ्यात जाणार. त्यात चोरी कसली? ठेका त्यांचा आहे आणि पोटही त्यावरच आहे. त्यांच्यासोबत बसा, जाळ्याचा आस (भोकांचं माप) किती ते विचारा, तलावाचा एखादा कोपरा गळासाठी राखून ठेवता येईल का ते बोला. जिथे असा समझोता झाला, तिथे पुढच्या अर्ध्या तपासण्यांची गरजच उरली नाही.

मे महिन्यात पाणी किती उरतं?

काठावर गुरं चारणाऱ्या कुणालाही विचारा, तो पाण्याची पातळी कुठवर जाते ते दगड दाखवून सांगेल. सगळ्यात खोल जागी मे अखेरीस दीड-दोन मीटर पाणी राहत नसेल, तर तिथे मासा एका वर्षाच्या पुढे जाणार नाही. उथळ पाणी तापतं, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि उरलेल्या डबक्यात बगळे, माणसं, कुत्री सगळीच मासे टिपतात. अशा तळ्यात महसीर वाढवायचं स्वप्न धरू नका. गाळ काढून एक खोल डोह करता आला तर बघा. नाहीतर ते तळं एका हंगामाचं समजून रोहू-कटल्यापुरतं वापरा आणि होळीच्या आसपास मासा काढून घ्या.

बीज कधी सोडलं आणि सांडवा कधी वाहिला?

वहीत या दोन तारखा शेजारी शेजारी लिहा. निम्म्या तळ्यांचा निकाल इथेच लागतो.

रोहू, कटला, मृगळ या मेजर कार्प माशांचं प्रजनन पावसाळ्यात होतं, म्हणून केंद्रांवर बीज जुलै-ऑगस्टमध्ये तयार असतं. घाटमाथ्याजवळचे तलाव भरून सांडव्यावरून वाहतात तेही याच दिवसांत. बोटाच्या दोन पेरांएवढं पिल्लू त्या ओढीत टिकत नाही, पाण्याबरोबर खाली ओढ्यात जातं. मेलेला मासा दिसत नाही याचं कारण हेच: तो मेला नाही, गावाबाहेर गेला. मोठे मासे तर पुराच्या पाण्यात मुद्दाम उलटे चढतात आणि तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यात वर निघून जातात.

यावर उपाय म्हणजे सांडवा थांबेपर्यंत वाट बघणं. बीज जुलैत घ्यायचंच असेल, तर ते शेजारच्या छोट्या शेततळ्यात किंवा हाप्यात (कापडी जाळीच्या पेटीत, ती पुढे सांगितली आहे) वाढवा आणि ऑक्टोबरात, सांडवा कोरडा पडल्यावर, मोठ्या पाण्यात सोडा. तोवर ते चार इंचांचं होतं, त्याचा आणखी एक फायदा आहे. तो पुढे सांगतो.

सांडव्याला जाळी ठोकायचा मोह सगळ्यांना होतो. स्वतःच्या लहान तळ्यात, निचऱ्याच्या पाइपाला मजबूत जाळी लावून ती पावसात रोज साफ करणार असाल तर लावा. सरकारी तलावाच्या सांडव्याला मात्र हात लावू नका. पालापाचोळ्यानं जाळी तुंबली की पाणी भरावावरून वाहू लागतं, आणि मातीच्या भरावावरून पाणी वाहिलं तर धरण फुटू शकतं. हे काम त्या विभागाच्या अभियंत्याचं आहे. इथे थांबायचं.

पहाटेची फेरी

दिवस उजाडण्याआधी काठानं एक चक्कर मारा. रात्रभर पाण्यातली शेवाळं आणि वनस्पती प्राणवायू घेत राहतात, तो बनवत नाहीत. त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो. सकाळी दहाला जाऊन तुम्हाला काहीच कळणार नाही.

कोणता मासा वर आलाय ते नीट बघा. कटला, रोहू ओळीनं वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, टाळी वाजवली तरी खाली जात नसतील, तर प्राणवायू कमी आहे. मरळ किंवा मांगूर अधूनमधून वर येऊन घोट घेत असतील तर घाबरू नका. ते मासे थेट हवेतूनही श्वास घेतात, ती त्यांची रोजची सवय आहे. हा फरक न कळल्यामुळे लोक उगीच पंप लावतात, किंवा उलट, कटला गुदमरत असताना "मासा खेळतोय" म्हणून निर्धास्त राहतात.

आता पाण्यात हात कोपरापर्यंत बुडवा. कोपराच्या आसपास तळवा दिसेनासा होत असेल तर हिरवेपणा योग्य आहे. मनगट बुडतं न बुडतं तोच तळवा गायब झाला, तर पाणी फार हिरवं झालंय आणि ढगाळ हवेचे दोन-तीन दिवस सलग आले की मासा गुदमरणार. कंबरभर पाण्यात पायाची बोटं दिसत असतील, तर उलटी अडचण आहे: माशाला खायलाच काही नाही. पावसाच्या गढूळ पाण्यात ही परीक्षा चालत नाही, पाणी निवळेपर्यंत थांबा.

मासा गुदमरत असेल तर त्या दिवशी खाद्य बंद, शेणखत बंद, गळ बंद. पंपानं तळ्याचंच पाणी उचलून फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडा. सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे पहिल्या वळवाच्या पावसाची, जेव्हा रानातलं लाल पाणी, कुजलेला पाला आणि शेतातलं जे काही असेल ते सगळं एकदम आत येतं. त्या आठवड्यात पंप तयार ठेवा.

मासा खरंच नाही, की फक्त लागत नाही?

पाहुण्याला मासा मिळाला नाही म्हणजे तळ्यात मासा नाही असं ठरत नाही. एक जागा ठरवा. तिथे रोज संध्याकाळी त्याच वेळी शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा भिजवून त्याचे गोळे टाका. आठवडाभर करा, त्या दिवसांत गळ टाकू नका. मग त्याच जागी ओळखीच्या पाग (फेकायचं जाळं) टाकणाऱ्याकडून दोन-चार फेकी मारून घ्या. मासा निघाला तर तुमची अडचण गळाची आहे, तळ्याची नाही.

ही अडचण सोपी असते. कटला वरच्या पाण्यात पोहत सूक्ष्म जीव गाळून खातो, मृगळ तळाशी चिखलात चरतो आणि रोहू मधल्या थरात. पाहुणा तळाशी गांडूळ टाकून कटल्याची वाट बघत असेल तर संध्याकाळ फुकटच जाणार. मरळीला पाणवनस्पतींच्या कडेला बेडकासारखं हलणारं आमिष लागतं. काठावर एक फळा लावून एवढं लिहून ठेवलं तरी तक्रारी कमी होतात.

आणखी एक गोष्ट बघा. पकडून परत सोडलेले मासे दोन-तीन दिवसांनी कापसासारखी बुरशी घेऊन तरंगतात का? कोरड्या हातानं धरल्यानं अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि तिथून बुरशी शिरते. हात ओले करूनच मासा धरायचा, गालफडात बोटं घालून उचलायचा नाही, गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीनं आधीच दाबून सपाट ठेवायचा. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारचा गळ बंद. गरम पाण्यात दमलेला मासा सोडल्यावर पोहत जाताना दिसतो खरा, पण पुढे तगत नाही.

हापा: माझ्या लेखी सगळ्यात मोलाची तपासणी

इथवर काही सापडलं नाही तर थोडा खर्च करा. मच्छरदाणीच्या कापडाची, वरून बांधता येईल अशी एक पेटी शिवून घ्या: दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल. चार बांबूंना बांधून ती पाण्यात अशी उभी करा की तळ चिखलाला टेकणार नाही आणि वरची एक वीत पाण्याबाहेर राहील. हाच हापा. वरचं तोंड बांधायला विसरू नका, नाहीतर खंड्या आणि विरोळा साप तुमची तपासणी खाऊन टाकतील.

पुढच्या वेळी बीज आलं की त्यातले शंभर मासे मोजून हाप्यात सोडा. त्याच पिशवीतले वीस-पंचवीस मासे घरी विहिरीच्या पाण्याच्या पिंपात ठेवा आणि पिंपात मत्स्यालयाचा छोटा हवापंप सोडा. बोअरचं ताजं पाणी वापरू नका, वापरायचंच असेल तर एक दिवस उघडं ठेवून मग वापरा. तीन दिवस दोन्हीकडे सकाळ-संध्याकाळ मेलेले मासे मोजा आणि काढून टाका.

दोन्हीकडे मेले, तर बीजात किंवा वाहतुकीत खोट आहे. पिंपात जगले आणि हाप्यात मेले, तर तुमच्या पाण्यात काहीतरी आहे. दोन्हीकडे जगले, तर बीजही चांगलं आणि पाणीही चांगलं, म्हणजे मोकळ्या सोडलेल्या माशाला कुणीतरी खातंय किंवा तो बाहेर जातोय. कापडाचा आणि शिलाईचा खर्च बीजाच्या एका गाडीपुढे काहीच नाही, आणि तीन वेगवेगळ्या संशयांना तो एकाच फटक्यात वेगळं करतो. पाण्याच्या महागड्या तपासण्या करायच्या की नाही, हे यानंतरच ठरवा.

दोन्हीकडे मासे मेले तर: बीज आणि उतरवणी

गाडी आली की पिशवीकडे नीट बघा. पाणी गढूळ, फेसाळ आणि तळाशी विष्ठा असेल, तर केंद्रानं बीज उपाशी न ठेवता भरलंय. चांगल्या केंद्रावर बीज भरण्याआधी दिवसभर उपाशी ठेवून दाटीत राहायची सवय लावतात, म्हणजे प्रवासात पाणी घाण होत नाही. दोन-चार वाट्या बीज बादलीत घ्या आणि हातानं पाण्याला गोल फिरवा. सशक्त पिल्लं प्रवाहाविरुद्ध तोंड करून पोहतात. भोवऱ्याबरोबर मधे गोळा होऊन फिरणारी पिल्लं घेऊ नका, तिथेच परत करा.

मोजणीही तिथेच करा. एक वाटी भरून त्यातली पिल्लं एकेक करून मोजा आणि मग वाट्या मोजा. किती बीज सोडलं तेच माहीत नसेल तर किती जगलं हे कधीच कळणार नाही. जात मिसळलेली नाही ना तेही त्या वाटीत बघा. थाई मांगूर त्यात सापडला तर गाडी थांबवा. त्या परदेशी मांगुरावर केंद्र सरकारनं २००० सालीच बंदी घातली आहे, कारण तो तळ्यात जे असेल ते खातो आणि पुरात ओढ्यात गेला की परत काढता येत नाही.

पिशवी उतरवताना घाई सगळ्यात जास्त नडते. पिशवी बंदच ठेवून सावलीत, तळ्याच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या, म्हणजे आतलं-बाहेरचं तापमान सारखं होईल. मग तोंड उघडून तळ्याचं पाणी ओंजळीनं थोडं थोडं आत घाला, आणखी दहा-पंधरा मिनिटं. ही दुसरी पायरी लोक टाळतात, पण ती आवश्यक आहे. बंद पिशवीत माशांच्या श्वासानं पाणी आंबट होतं आणि त्यात अमोनिया साठतो. आंबट पाण्यात तो फारसा त्रास देत नाही, पण अल्कधर्मी पाणी एकदम मिसळलं की तोच अमोनिया विषारी होतो आणि कल्ले जळतात. शेवटी पिशवी आडवी करा आणि मासा आपणहून बाहेर पडेल असं बघा. वरून ओतू नका. संध्याकाळी सोडा, आणि सगळं एकाच कोपऱ्यात न सोडता चार-पाच ठिकाणी.

फक्त हाप्यात मेले तर: पाणी

आता पाणी तपासायचं. मत्स्यपालनाचे छोटे किट बाजारात मिळतात. त्यातले तीनच आकडे आधी बघा. पहाटेचा विरघळलेला प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असावा. ३ च्या खाली मासा ताणात असतो. सामू (pH) साडेसहा ते साडेआठ. अमोनिया शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. सामू कमी असेल तर चुना लागतो, पण किती ते मातीवर ठरतं, म्हणून मापाशिवाय पोती ओतू नका. सामू दुपारी फार वर जात असेल तर दोष हिरवेपणाचा असतो, मग खत आणि खाद्य बंद करून थांबा.

वरच्या बाजूला भाजीचा मळा किंवा द्राक्षबाग असेल तर फवारणीच्या तारखा विचारा. कीटकनाशकाचा संशय आला की किटचा उपयोग नाही. ती तपासणी प्रयोगशाळेतच होते.

दोन्हीकडे जगले तर: कोण खातंय?

मरळ, शिवडा, शिंगाडा, वाम हे आपल्या नद्यांचेच मासे आहेत आणि गळवाल्यांना तेच हवेही असतात. पण दोन इंची बोटुकली त्यांच्यासाठी एक घास आहे. वरून पाणकावळे. थंडीत त्यांचा थवा तलावावर उतरला की तासाभरात काठाचं पाणी पिंजून काढतो. यांच्याविरुद्ध तुमचं एकच शस्त्र आहे: मोठं बीज. शिकारी मासे असलेल्या पाण्यात चार इंचांपेक्षा लहान बीज सोडणं म्हणजे विकतचं खाद्य टाकणं. दहा हजार बारीक मत्स्यबीज घेण्यापेक्षा त्याच पैशांत हजार मोठ्या बोटुकल्या घ्या. छोट्या जलाशयांसाठी हेक्टरी पाचशेच्या आसपास बोटुकल्या पुरतात. गळाच्या तळ्यात तर मासा कमी आणि मोठा असलेलाच बरा, दाटी झाली की सगळेच खुजे राहतात.

दुसरं, आडोसा द्या. बाभळीच्या काटेरी फांद्यांचे भारे दगड बांधून दोन-अडीच मीटर पाण्यात बुडवा. पिल्लांना लपायला जागा होते, फांद्यांवर शेवाळ धरतं म्हणजे खायलाही मिळतं, आणि चोरून जाळं ओढणाऱ्याचं जाळं अडकतं ते वेगळंच. गळवाल्यांच्या बसायच्या जागेपासून मात्र दूर बुडवा.

पाणकावळ्यांना, पाणमांजरांना मारायचा विचार मनात आणू नका. ते वन्यजीव आहेत आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात. विष आणि सुरुंग तर १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. मोहाची पेंड टाकून नको असलेले मासे मारण्याची पद्धत आहे खरी, पण ती पूर्ण उपसता न येणाऱ्या संगोपन तळ्यासाठी, जाणकाराच्या देखरेखीखाली. गुरं पाणी पितात, खाली विहिरी आहेत, अशा तलावात ती कधीही वापरायची नाही.

सगळी चिलापीच लागत असेल तर

चिलापी १९५२ साली भारतात आणली गेली आणि आज उजनीसारख्या प्रचंड जलाशयातही तिचंच राज्य आहे. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा विते, त्यामुळे पिल्लं वाया जात नाहीत. तळ्यात ती भरली की खाद्यही तीच खाते आणि तुमची बोटुकली उपाशी राहते. अशा तळ्यात नवं बीज टाकून काही होत नाही.

नियम करा: चिलापी लागली तर परत सोडायची नाही. पाहुण्यांना ती घरी नेऊ द्या, तळून चांगली लागते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जाळं ओढून जितकी निघेल तितकी काढा. मग पावसाळ्यानंतर चार इंची कार्प सोडा, ते बऱ्यापैकी वाढले की मोजक्या मरळी. मरळ चिलापीची पिल्लं उचलते आणि गळाला तिच्याएवढी झुंज कमी मासे देतात. क्रम मात्र उलटा करू नका. आधी मरळ आणि मग कार्पचं बीज, असं केलेली तळी मी पाहिली आहेत. तिथे मरळी छान पोसल्या होत्या, कार्प औषधालाही नव्हता.

दरवर्षी मासा कमी होत असेल तर

रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात वीण करत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. तुम्ही जितके सोडाल तितकेच राहतील आणि पकडाल तितके घटतील. तेव्हा इथे बिघाड काही नाही, फक्त पकडीची नोंद ठेवून तेवढी भर घालत राहायची.

मरळीचं वेगळं आहे. ती तळ्यात स्वतः वाढते, पण आपणच तिला संपवतो. पावसाळ्यात पाणवनस्पतींच्या कडेला लालसर पिल्लांचा झुबका एकदम वर येतो, पाणी उकळल्यासारखं दिसतं आणि पुन्हा खाली जातो. त्या झुबक्याखाली आई-बाप राखण करत असतात. त्याच्यासमोरून आमिष ओढलं की राखण करणारा मासा भूक नसतानाही तुटून पडतो. तो निघाला की तासाभरात बाकीचे मासे सगळा झुबका साफ करतात. एका माशाच्या फोटोपायी पुढच्या हंगामाच्या शेकडो मरळी जातात. जून ते सप्टेंबर, जिथे झुबका दिसेल तिथून गळ बाजूला घ्या. एवढा एक नियम पाळला तर मरळीचं बीज विकत आणावं लागत नाही.

आणि महसीर. दख्खनचा महसीर आपल्या घरचाच: कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेवरूनच त्याची शास्त्रीय नोंद केली. लोणावळ्याला वलवण इथे टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याचं बीज तयार होतंय. तो परत आणावा असं मनापासून वाटणं साहजिक आहे, मलाही वाटतं. पण त्याला थंड, वाहतं, भरपूर प्राणवायूचं पाणी आणि विणीसाठी वर चढायला खडकाळ ओढा लागतो. प्लास्टिकच्या शेततळ्यात तो कुढत राहतो. शिवाय कुठल्या खोऱ्यातला मासा कुठे सोडतोय हे बघायलाच हवं. दख्खनचा महसीर कावेरीत सोडला गेला, तिथे तो फोफावला, आणि कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर २०१८ साली अतिसंकटग्रस्त यादीत गेला. त्याच्या ऱ्हासामागच्या कारणांत हा बाहेरून आलेला भाऊबंदही धरला जातो. म्हणून नदीला जोडलेल्या कुठल्याही पाण्यात महसीर सोडण्याआधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाशी बोला, आणि त्यांच्यामार्फत मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतल्या तज्ज्ञांचा सल्ला घ्या. हे एकट्यानं ठरवायचं काम नाही.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

सगळ्या जातींचे मासे एकाच दिवशी मेले, त्यात मरळ-मांगूरही आहेत, तर ते प्राणवायूचं काम नव्हे, पाण्यात विष किंवा रसायन आलंय. मासे उचलू नका, कुणाला खाऊ देऊ नका, गुरं पाण्यावर जाऊ देऊ नका. हातमोजे घालून स्वच्छ बाटल्यांत दोन-तीन जागचं पाणी काठोकाठ भरून घ्या, बर्फात ठेवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं विभागीय कार्यालय आणि मत्स्यव्यवसाय विभाग, दोघांनाही त्याच दिवशी कळवा. दुसऱ्या दिवसापर्यंत पुरावा वाहून गेलेला असतो.

थंडीत मरळीच्या अंगावर लाल चट्टे आणि खोल जखमा दिसल्या तर तो बहुधा व्रणरोग. आपल्या देशात तो १९८८ पासून आहे आणि झपाट्यानं पसरतो. जाळी, बादल्या, गळ दुसऱ्या तळ्यावर नेऊ नका, त्या पाण्यातला मासा दुसरीकडे सोडू नका. औषधाची मात्रा तज्ज्ञ ठरवील. खुल्या तलावात दुकानदाराच्या सल्ल्यानं काही ओतू नका.

भरावातून पाणी पाझरताना, सांडव्याचा दगड निखळलेला किंवा पाणी सोडायच्या विमोचकाचं दार अडकलेलं दिसलं, तर मासे विसरा आणि अभियंत्याला फोन करा. आणि प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात कुठल्याही तपासणीसाठी एकट्यानं उतरू नका. ओलं प्लास्टिक इतकं निसरडं असतं की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. अशा तळ्यांत दरवर्षी माणसं जातात. कडेला गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब कायम बांधलेली हवी, आणि ती नसेल तर तिथे पाहुण्यांना गळ टाकू देऊ नका.

तज्ज्ञाला फोन करताना एवढं हाताशी ठेवा: तळ्याचं क्षेत्र आणि उन्हाळ्यातली खोली, बीजाची जात, संख्या, लांबी आणि सोडल्याची तारीख, सांडवा वाहिल्याच्या तारखा, हाप्यात आणि पिंपात रोज किती मेले ते आकडे, पहाटेच्या पाण्याचे तीन आकडे, आणि वरच्या शेतातल्या फवारणीचे दिवस. एवढं सांगितलं की अधिकारी बरेचदा फोनवरच दिशा दाखवतात, आणि तळ्यावर आलेच तर पहिल्याच भेटीत नेमका नमुना घेऊन जातात.